‘पीसेस ऑफ अ मॅन’ (१९७१): पहिल्या गाण्याच्या पुढे कोणी ऐकले आहे का?

मंद्रसप्तक

अमेरिकन कवी-गायक गिल स्कॉट-हेरन यांचे नाव निघाले की ‘द रेव्होल्यूशन विल नॉट बी टेलिव्हाइज्ड’ या एकाच गाण्याची चर्चा होते आणि जेमतेम तीन मिनिटांच्या त्या गाण्यापाशीच ती संपते. त्या गाण्याबद्दल मला आदरच आहे. परंतु ज्या एलपीची सुरुवात त्या गाण्याने होते, त्या ‘पीसेस ऑफ अ मॅन’वरील उरलेली दहा गाणी निवांत ऐकलेली माणसे मला फार थोडी भेटली आहेत आणि ही गोष्ट मला मनापासून खटकते.

ज्यांना ही तबकडी माहीत नाही त्यांच्यासाठी थोडी पार्श्वभूमी देतो. स्कॉट-हेरन यांचा जन्म १९४९ मध्ये शिकागोत झाला, लहानपण टेनेसीतील जॅक्सन या गावी आजीजवळ गेले आणि आजीच्या निधनानंतर ते न्यूयॉर्कला आईकडे आले. लँगस्टन ह्यूज ज्या महाविद्यालयात शिकले होते, त्या पेनसिल्व्हेनियातील लिंकन युनिव्हर्सिटीत त्यांनी प्रवेश घेतला आणि तेथेच त्यांची ब्रायन जॅक्सन या पियानोवादकाशी गाठ पडली. १९७० साली त्यांची पहिली तबकडी आली ती जवळजवळ पूर्णपणे कवितावाचनाची होती, साथीला प्रामुख्याने तालवाद्ये होती. ‘पीसेस ऑफ अ मॅन’ ही त्यानंतरची. एप्रिल १९७१ मध्ये, अवघ्या दोन दिवसांत, न्यूयॉर्कच्या आरसीए स्टुडिओत ती ध्वनिमुद्रित झाली. निर्माते बॉब थील, म्हणजे इम्पल्स या कंपनीत असताना जॅझ सॅक्सोफोनवादक जॉन कोल्ट्रेन यांच्या तबकड्या काढणारे तेच थील. बासवर रॉन कार्टर, ड्रमवर बर्नार्ड पर्डी, बासरी आणि सॅक्सोफोनवर ह्यूबर्ट लॉज, गिटारवर बर्ट जोन्स, पियानोवर ब्रायन जॅक्सन आणि वाद्यमेळाचे संचालन जॉनी पेट यांचे. गायक तेव्हा बावीस वर्षांचा होता.

माझे म्हणणे असे आहे की ही तबकडी मुळात एका गायकाची आहे. पहिल्या गाण्यात ते बोलतात आणि नंतरच्या दहा गाण्यांत गातात, पण जगाने फक्त बोलणे लक्षात ठेवले. तुम्ही ही तबकडी जॅझ म्हणून ऐकता, सोल म्हणून ऐकता, की कविता म्हणून? आणि पहिले गाणे बाकीच्या गाण्यांच्या वाटेत येते, असे तुम्हालाही वाटते का?

ठेकेदार

उत्तम विषय काढलात. मी तालाच्या बाजूने लिहितो, कारण या तबकडीला जोडून ठेवणारी गोष्ट माझ्या मते तीच आहे.

रॉन कार्टर १९६३ पासून पाच वर्षे जॅझ ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिस यांच्या पंचकात वाजवत होते. पर्डी यांचे घराणेच वेगळे; ते किंग कर्टिस यांच्या वाद्यवृंदातून सोल गायिका अरेथा फ्रँकलिन यांना साथ करीत होते आणि फिलमोर वेस्ट या सभागृहातील अरेथा यांची गाजलेली मैफल १९७१च्याच मार्चमधली, म्हणजे या ध्वनिमुद्रणाच्या सुमारे दीड महिना आधीची. एक जॅझचा माणूस, एक सोल-फंकचा माणूस, आणि दोघांच्या मध्ये शब्द टाकणारा कवी. पहिल्याच गाण्यात कार्टर एक छोटी चाल धरतात आणि ती जवळजवळ सोडतच नाहीत, पर्डी तिच्याखाली ठेका घट्ट ठेवतात, आणि त्या दोघांच्या वर लॉज यांची बासरी मोकळी फिरते. लेहरा पक्का असला की तबलजीला जे स्वातंत्र्य मिळते, तेच येथे बोलणाऱ्याला मिळाले आहे. तो वाक्य कुठेही लांबवतो, कुठेही तोडतो, आणि तरी लयीच्या बाहेर जात नाही.

हेच गाणे १९७०च्या तबकडीवर नुसत्या कोंगा-बोंगो या हाताने वाजवायच्या तालवाद्यांवर आहे. दोन्ही एकापाठोपाठ ऐकून पाहा. शब्द बहुतेक तेच आहेत, पण पहिल्या वेळी सभेतले भाषण ऐकल्यासारखे वाटते आणि दुसऱ्या वेळी पाय हलू लागतात. म्हणून ते गाणे वाटेत येते असे मला मुळीच वाटत नाही. तोच या तबकडीचा दरवाजा आहे.

रेवा_ठाणे

ठेकेदार यांच्याशी शंभर टक्के सहमत. लॉज यांची बासरी काढून टाकली तर ते गाणे निम्मे होईल.

जुनाबाजार

मी थोडे विरोधात लिहितो. गोड मानून घ्यावे.

स्कॉट-हेरन मोठे लेखक होते याबद्दल वाद नाही. विशीतच त्यांची कादंबरी छापून आली होती आणि पुढे जॉन्स हॉपकिन्समधून त्यांनी लेखनाची पदव्युत्तर पदवी घेतली. पण ‘गायकाची तबकडी’ हे विधान मला पेलत नाही. आवाज खर्जात भारदस्त आहे, वर जाताना मात्र तो ओढला जातो आणि लांबवलेले सूर कित्येकदा थोडे उतरतात. सेरा वॉन किंवा एला फिट्झजेराल्ड ज्या अर्थाने जॅझ गातात, त्या अर्थाने येथे गाणे नाही. स्वरांची बढत नाही, सुचलेल्या जागा नाहीत. १९७१च्याच मे महिन्यात सोल गायक मार्विन गे यांची ‘व्हॉट्स गोइंग ऑन’ ही तबकडी आली. युद्ध, बेकारी, अमली पदार्थ, असे पुष्कळसे विषय दोघांचे सारखेच आहेत. गे तेथे स्वतःच्याच आवाजाचे थर एकमेकांवर रचतात, आणि त्या थरांत जी गायकी आहे तिच्यापुढे ‘पीसेस ऑफ अ मॅन’ मला एका बुद्धिमान माणसाच्या उत्तम मसुद्यासारखी वाटते.

पूर्वाई

जुनाबाजार, तुमच्या कानांविषयी शंका नाही, सूर उतरतात हे मलाही ऐकू येते. पण शीर्षकगीत एकदा या दृष्टीने ऐका, अशी विनंती आहे.

त्या गाण्यात ड्रम नाहीत. जॅक्सन यांचा पियानो, कार्टर यांचा बास आणि आवाज, एवढेच आहे. गोष्ट एका मुलाच्या तोंडून येते. पोस्टमन पत्र घेऊन येतो आणि मुलाच्या वडिलांना म्हणतो की मनाला लावून घेऊ नका, आज आणखी नऊ जणांना कामावरून कमी केले आहे. वडील आतून कोसळतात. पत्राचे कपटे खोलीभर पडतात आणि आजी जुन्या केरसुणीने ते झाडून काढू लागते. आपण काय झाडतो आहोत हे तिला कळत नाही, मुलाला कळते. पुढे पोलिसांच्या गाडीचा भोंगा वाजतो, आणि आपण कोणाला पकडून नेत आहोत हे त्यांनाही कळत नाही.

आता यातली गायकी बघा. आजी आणि केरसुणीच्या ओळीवर आवाज चढत नाही. एखाद्या तयारीच्या गायकाने तेथे हमखास जागा घेतली असती, श्रोत्याला हलवण्यासाठी. स्कॉट-हेरन ती ओळ जवळजवळ सपाट म्हणतात, लयीच्या किंचित मागे राहून, कारण सांगणारा मुलगा आहे आणि मुलाला अजून रडता आलेले नाही. आवाज वर जातो तो वडील किती भला, किती खंबीर माणूस होता हे सांगताना, आणि तेथेच तो ओढला जातो. तुम्ही ज्याला दोष म्हणता तो मला नेमक्या त्या ठिकाणी हवासा वाटतो. गे यांच्या थरांमध्ये ही गोष्ट सांगता आली नसती, कारण ती एका मुलाची आहे आणि तो खोलीत एकटा उभा आहे.

भावगीतात आपण ‘शब्द सांभाळून गाणे’ ही मोठीच गोष्ट मानतो. येथेही तोच निकष लावायला हवा, असे मला वाटते.

मंद्रसप्तक

पूर्वाई, धागा काढताना माझ्या मनात हेच होते आणि ते तुम्ही माझ्यापेक्षा नेमके मांडले आहे. कार्टर यांच्याविषयी एक भर घालतो. त्या गाण्यात ते आवाजाच्या मागे मागे न जाता त्याच्या बरोबरीने दुसरी कथा सांगत राहतात. ओळ संपते तेथे त्यांचे वाक्य सुरू होते, आणि पुढची ओळ येण्याआधी ते बाजूला होतात. ही जॅझची शिस्त आहे.

वसंतकुंज

‘होम इज व्हेअर द हेट्रेड इज’चा उल्लेख अजून कसा झाला नाही? व्यसनी माणूस संध्याकाळी घराकडे निघाला आहे, आणि घरी परत न गेलेलेच बरे, असे स्वतःला सांगतो आहे. पर्डी यांचा ठेका चालत राहतो, म्हणजे माणूसही चालतोच आहे. थांबायला त्याला जागाच नाही.

या गाण्याचा पुढचा प्रवास सांगण्यासारखा आहे. १९७२ मध्ये एस्थर फिलिप्स यांनी ते कुडू कंपनीच्या तबकडीवर गायले. ड्रमवर तेथेही पर्डीच आहेत. फिलिप्स लहान वयातच ‘लिटिल एस्थर’ या नावाने प्रसिद्ध झालेल्या, आणि पुढची कित्येक वर्षे हेरॉइनशी झगडलेल्या. हे शब्द त्यांनी बाहेरून उचललेले नव्हते, आणि गाताना ते लपतही नाही. त्या कामासाठी त्यांना ग्रॅमीचे नामांकन मिळाले. पुरस्कार अरेथा फ्रँकलिन यांना जाहीर झाला आणि अरेथा यांनी तो फिलिप्स यांच्या हाती दिला, कारण त्यांच्या मते खरा मान त्यांचाच होता.

दुसरी गोष्ट सांगताना जीव जड होतो. ज्या तरुणाने हे गाणे लिहिले, त्यालाच पुढे कोकेनच्या व्यसनाने गाठले, आणि २०००नंतरच्या दशकात त्यापायी तुरुंगातही जावे लागले. २०११च्या मे महिन्यात तो गेला. मला ही भविष्यवाणी वगैरे वाटत नाही. बावीस वर्षांच्या मुलाने आजूबाजूला जे रोज पाहिले ते लिहिले, आणि जे रोज दिसते ते कोणालाही गाठू शकते.

रेवा_ठाणे

वसंतकुंज, फिलिप्स यांचे गाणे आत्ताच ऐकले. सोल म्हणून तेच अधिक भरीव आहे, पण मूळ गाण्यातला एकटेपणा त्यात नाही. फिलिप्स यांच्या पाठीशी सगळा वाद्यमेळ उभा आहे.

कोरडा_पाऊस

एक वेगळा धागा जोडतो. १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथरची स्थापना झाली आणि ते नाव अमेरिकेतील ब्लॅक पँथर पक्षावरून घेतलेले होते. त्याच वर्षी नामदेव ढसाळ यांचा ‘गोलपिठा’ आला. स्कॉट-हेरन आणि ढसाळ दोघांचाही जन्म १९४९चा. दोघेही शहराच्या ज्या भागाबद्दल लिहितात तेथील बोली जशीच्या तशी कवितेत आणतात आणि सभ्य वाचकाची परवानगी मागत नाहीत. ही तबकडी ऐकताना मला ते दिवस आठवल्याशिवाय राहत नाहीत.

जुनाबाजार

कोरडा_पाऊस, दोन्ही गोष्टी एकाच काळातल्या आहेत हे मान्य, पण सांधा जपून जोडायला हवा. पँथर हे नाव समुद्र ओलांडून आले, म्हणून ही गाणीही आली असे होत नाही. ढसाळ यांच्या कवितेचे मूळ कामाठीपुऱ्यात आहे, आणि आपल्याकडे निषेध गाऊन मांडण्याची परंपरा शाहिरांची. अमर शेख आणि अण्णा भाऊ साठे यांनी डफ-तुणतुण्यावर ती त्याआधीच उभी केली होती. दोन नद्या एकाच पावसाने फुगल्या म्हणजे त्यांचा संगम झाला असे नव्हे.

कोरडा_पाऊस

प्रभाव पडला असे माझे म्हणणे नाही, आणि शाहिरीचा मुद्दा मोलाचा आहे. फरक एवढाच की शाहीर समूहाला उद्देशून गातो. ‘पीसेस ऑफ अ मॅन’मध्ये पहिले गाणे समूहाला उद्देशून आहे आणि बाकीची बहुतेक गाणी एकट्या माणसाची आहेत. क्रांतीविषयीच्या त्या गाण्याबद्दल स्कॉट-हेरन स्वतःही पुढे सांगत की पहिला बदल मनात होतो आणि मनातले टीव्हीवर दाखवता येत नाही. म्हणजे तेही शेवटी एकट्या माणसाचेच गाणे ठरते. मंद्रसप्तक यांच्या मूळ प्रश्नाला माझे उत्तर हेच आहे.

न्यूजर्सीकर

मुंबईचा खरा धागा हवा असेल तर तो आशा पुथली यांचा आहे. मुंबईत जन्मलेल्या आणि शास्त्रीय संगीत शिकलेल्या पुथली याच सुमारास न्यूयॉर्कमध्ये होत्या. जॅझ सॅक्सोफोनवादक ऑर्नेट कोलमन यांच्या १९७१ मध्ये मुद्रित झालेल्या ‘सायन्स फिक्शन’मधील दोन गाणी त्यांनी गायली आहेत. १९७३ मध्ये सीबीएसने त्यांच्याच नावाची तबकडी काढली. तीत बिल विदर्स आणि जे. जे. केल यांची गाणी आहेत, आणि जॅझ, सोल व फंक यांची सरमिसळ तेथेही आहे. फरक गळ्याचा आहे. पुथली शब्दाभोवती फिरतात, स्वर हलका करून त्याला वळण देतात. स्कॉट-हेरन शब्दावर उभे राहतात. जुनाबाजार यांना ज्या ‘सुचलेल्या जागा’ हव्या आहेत, त्या त्यांना पुथली यांच्या गाण्यात सापडतील.

जुनाबाजार

न्यूजर्सीकर, आभार. कोलमन यांच्या तबकडीवरील ती दोन्ही गाणी माझ्या अत्यंत आवडीची आहेत. एवढ्या मोकळ्या वाद्यमेळात सूर धरून ठेवणे हे येरागबाळ्याचे काम नव्हे.

ठेकेदार

विषय ब्रायन जॅक्सन यांच्याकडे वळवतो, कारण या धाग्यातही त्यांचे नाव ओझरतेच येते आहे आणि नेहमी असेच होते. शीर्षकगीतासह यातली कित्येक गाणी दोघांच्या नावावर आहेत. ध्वनिमुद्रणाच्या वेळी जॅक्सन अठरा वर्षांचे होते. अठराव्या वर्षी रॉन कार्टर यांच्या शेजारी बसून, एकही सूर जास्त न वाजवता साथ करणे ही किती अवघड गोष्ट आहे, हे कोणत्याही संवादिनीवादकाला विचारा. ‘आय थिंक आय’ल कॉल इट मॉर्निंग’ ऐका. गाणे उजेडाचे आहे, आनंदाचे आहे, आणि त्याला गोडगोड होण्यापासून पियानो वाचवतो. १९७४च्या ‘विंटर इन अमेरिका’वर दोघांची नावे एकत्र छापली गेली, ती या तबकडीवरही यायला हवी होती, असे माझे ठाम मत आहे.

जॉनी पेट यांचेही ऋण मानले पाहिजे. शिकागोत ‘द इम्प्रेशन्स’ या सोल गायकवृंदाच्या गाण्यांचे वाद्यमेळ बांधणारे ते हेच. एवढे दिग्गज एका खोलीत असूनही कोणी कोणाच्या अंगावर येत नाही, याचे थोडे श्रेय नक्कीच त्यांचे आहे.

निमिष०७

मी वयाने तुम्हा सर्वांहून लहान आहे आणि हिप-हॉपच्या वाटेने येथे पोहोचलो. कान्ये वेस्ट यांच्या २००५च्या तबकडीतील ‘माय वे होम’मध्ये ‘होम इज व्हेअर द हेट्रेड इज’चा तुकडा आहे, तेथून मूळ गाणे शोधले. आमच्या पिढीत स्कॉट-हेरन यांना ‘रॅपचे जनक’ म्हणूनच ओळखतात. हे मानणे चूक आहे का? आणि माझ्यासारख्याने ही तबकडी कोठून ऐकायला सुरुवात करावी?

पूर्वाई

निमिष, अगदी योग्य वाटेने आलास. संगीत असेच मागे मागे जात ऐकावे.

ते बिरुद त्यांना स्वतःला कधी मानवले नाही. ते स्वतःला ब्लूजचा अभ्यासक म्हणवत. लयीवर कविता म्हणणारे ‘द लास्ट पोएट्स’ही त्याच सुमारास हार्लेममध्ये होते, त्यामुळे एकालाच जनक ठरवणे त्या सर्वांवर अन्याय करणारे होईल. आणि तू ज्या गाण्यातून आलास, तेथे कान्ये यांनी त्यांचे बोलणे नव्हे तर गाणे घेतले आहे, हेही लक्षात घे.

सुरुवात ‘लेडी डे अँड जॉन कोल्ट्रेन’पासून कर. बिली हॉलिडे (‘लेडी डे’ त्याच) आणि कोल्ट्रेन यांच्या संगीताने दुःख कसे धुऊन निघते, एवढाच त्याचा आशय आहे. ठेका तुला लगेच आपला वाटेल, आणि हा माणूस कोणाला गुरुस्थानी मानत होता तेही कळेल. मग शीर्षकगीत ऐक, ते मात्र दुसरे काहीही न करता. पहिले गाणे शेवटी ऐकलेस तरी चालेल.

वसंतकुंज

दुसऱ्या बाजूविषयी माझी एक तक्रार आहे. ‘द प्रिझनर’ नऊ मिनिटांहून अधिक चालते आणि शीर्षकगीताने जे कमावले ते पातळ करते, असे मला दर वेळी वाटते. ‘ऑर डाउन यू फॉल’ आणि ‘द नीडल्स आय’ ही गाणी नेटकी आहेत. तबकडी तेथेच संपली असती तर बरे झाले असते.

न्यूजर्सीकर

वसंतकुंज, येथे मात्र मी तुमच्याशी असहमत आहे. तबकडीवर शब्दांचा एवढा अंमल आहे की वाद्यांना मोकळे रान मिळते ते फक्त तेथेच. थील यांनी पहिल्या वेळी ‘आधी कवितांची तबकडी करू, ती चालली तर गाण्यांची करू’ असे सांगितले होते, हे स्कॉट-हेरन पुढे मुलाखतींत सांगत. म्हणजे हे वादक आणि हा स्टुडिओ त्यांना आधीच्या तबकडीच्या कमाईवर मिळाला होता. मिळालेल्या वेळातली नऊ मिनिटे त्यांनी एका कैद्याला दिली आणि वाद्यांना त्याच्याभोवती अस्वस्थपणे फिरू दिले, हे मला फार मोलाचे वाटते. लांबी ही त्या गाण्याची गरजच आहे, कारण कैद्याचा वेळ सरत नाही.

मंद्रसप्तक

सर्वांचे मनापासून आभार. ठेकेदार आणि कोरडा_पाऊस यांचे वाचल्यावर पहिले गाणे वाटेत येते, हे माझे म्हणणे थोडे बदलून मांडतो. गाणे वाटेत येत नाही, त्याची कीर्ती येते. २००५ मध्ये अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने आपल्या राष्ट्रीय ध्वनिमुद्रण नोंदवहीत या एका गाण्याचा समावेश केला, आणि ते योग्यच झाले. पण जतन व्हायला हवी ती अख्खी तबकडी, त्याच क्रमाने. पहिल्या गाण्यात टीव्हीवरच्या जाहिराती आणि पुढाऱ्यांची नावे धडाधड येतात, आणि दुसरी बाजू सुरू होते तेव्हा एका घरात एक पत्र येते. नावाने कोणी ओळखणार नाही अशा त्या माणसापर्यंत आपल्याला आणायचे, म्हणून सुरुवातीला एवढी नावे घेतली आहेत, असे मला आता वाटते.

जुनाबाजार, तुमचा निकाल बदलला का, हे जाणून घ्यायला आवडेल.

जुनाबाजार

गे यांची तबकडी मी आजही वरच ठेवतो. मात्र काल रात्री पूर्वाई यांनी सांगितल्याप्रमाणे शीर्षकगीत ऐकले, आणि आजीच्या ओळीबद्दल त्या म्हणतात ते पूर्णपणे खरे आहे. तेथे जागा घेतली असती तर गाणे पडले असते. ‘मसुदा’ हा शब्द मी त्या एका गाण्यापुरता मागे घेतो. ‘पीसेस ऑफ अ मॅन’वरील ‘सेव्ह द चिल्ड्रन’साठी तो कायम ठेवतो.

ठेकेदार

‘सेव्ह द चिल्ड्रन’मधली बासरी ऐकून मग बोलू या.